झेंडूच्या हारातला कॉम्प्युटर

दादरच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग लागले की ते प्रकरण मला हमखास आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळीही छापून आल्या नाहीत. पण नोकरीत जेवढ्या फायली बंद केल्या त्यांतली ही बंद करताना जितकं हलकं वाटलं, तितकं क्वचितच कधी वाटलं असेल. नावं कोणाचीच सांगत नाही. माणसं हयात आहेत, आणि त्यातले एक आजोबा तर चांगलेच हयात आहेत.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. परळ-भोईवाडा भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. नवरात्राचे दिवस म्हणजे आमच्याकडे निम्मं ठाणं बंदोबस्ताला आणि निम्मं जागरणाने पेंगुळलेलं. अशा नवमीच्या संध्याकाळी एक नवरा-बायको आले. तो पंचेचाळिशीचा, एका खाजगी कंपनीत हिशेब विभागात. ती विमा कार्यालयात नोकरीला. त्याचे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, सकाळपासून बेपत्ता होते.

अण्णांनी सत्तरी ओलांडलेली. सरकारी कार्यालयात सारी हयात कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, पण डोकं एकदम शाबूत. खंडेनवमीची पूजा झाल्यावर कापडी पिशवी घेऊन निघाले आणि म्हणाले, "गिरगावात बहिणीकडे जातो, दसरा तिकडेच करीन." दरवर्षी ते तसंच करत. संध्याकाळी मुलाने आत्याला फोन लावला तर अण्णा तिच्याकडे पोचलेच नव्हते. त्यांचा मोबाइल घरातच होता, चार्जरला लावलेला.

हरवलेल्या माणसाची नोंद करणं हे ठाण्यातलं रोजचं काम. फोटो, वर्णन, अंगावरचे कपडे, मग इस्पितळं, शवागारं, रेल्वे पोलीस सगळीकडे संदेश. हात आपोआप चालतात, पण डोळे समोरच्यावर ठेवायचे असतात. मी विचारलं, घरात काही भांडण झालं होतं का. दोघांनी एकाच वेळी "नाही" म्हटलं. दोघं एका सुरात नाही म्हणाली की मी मनातल्या मनात 'हो' लिहून घेतो.

आमच्या पोरांनी चाळीच्या तोंडाशी असलेला कॅमेरा तपासला. मंडळाने नवरात्राची कमान नेमकी त्याच्यासमोर उभारलेली, त्यामुळे दिवसभराच्या चित्रीकरणात फक्त सॅटिनचं गुलाबी कापड हलताना दिसत होतं. अण्णा स्वतःच्या पायांनी बाहेर पडले की नाही, याला घरच्यांच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसरा. ठाण्यात शस्त्रपूजन चाललं होतं. रायफलींच्या शेजारी वायरलेस संच, ठाण्याचा कॉम्प्युटर, अगदी स्टॅपलरलाही कुंकू लागलं होतं. तेवढ्यात ठाणे अंमलदाराने मला फोनवर बोलावलं. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता, पण आवाज चाळीतलाच होता. त्याचं म्हणणं असं की चाळीचा पुनर्विकास व्हायचाय, खोली म्हाताऱ्याच्या नावावर आहे आणि म्हातारा संमतीपत्रावर सही करत नव्हता. नवमीच्या आदल्या रात्री बापलेकांत कडाक्याचं वाजलं होतं. आणि शेवटी म्हणाला, "साहेब, बाप गायब आणि काल हा त्याचा कॉम्प्युटर पुसायला निघालेला. बायकोने अडवलं म्हणून राहिला. तुम्ही बघा काय ते."

मी बघायचं ठरवलं. असे निनावी फोन बहुतेक वेळा जुनी खुन्नस काढायला येतात हे खरं. पण कॉम्प्युटरची गोष्ट कोणी हवेतून काढत नाही.

मुलाला ठाण्यात बोलावून घेतलं. कोठडीकडे नेलं नाही, माझ्याच केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. माणूस घाबरलेला असला की त्याला आधी कपबशी सांभाळायला द्यावी. हात गुंतले की जीभ जरा सैल होते. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, की अण्णांचा कॉम्प्युटर का पुसत होतात. कप बशीवर वाजला.

"पुसत नव्हतो साहेब, उघडत होतो," तो म्हणाला. त्याची हकीकत अशी. तो जुनाट संगणक अण्णांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला आणि तेच वापरायचे. पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नव्हता. आत काही धागादोरा मिळेल म्हणून याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका मित्राला फोनवर विचारलं. मित्राने सल्ला दिला, पासवर्ड माहीत नाही ना, मग सरळ नवीन विंडोज टाक, उघडेल. हा सीडी घेऊन बसलाही होता. पण बायकोने मशीनला हातच लावू दिला नाही. कारण काय, तर मशीन पूजेला लावलंय.

सांगतोय ते खरं वाटत होतं, पण पटण्याजोगं खोटंही मी भरपूर ऐकलंय. मी म्हटलं, धागादोरा शोधायचा होता तर भांडणाचं काल का लपवलंत? त्यावर तो टेबलावरच्या काचेकडे बघत सांगू लागला.

सहीवरून बोलणं निघालं होतं. अण्णा म्हणाले, करतो रे सही, पण आधी मला माझं एक काम उरकायचंय. हा ऑफिसातून वैतागून आलेला. म्हणून गेला, "तुमचं आता काय काम उरलंय अण्णा?" अण्णा तिथून उठून कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले आणि कितीतरी वेळ काहीतरी करत होते. सकाळी पूजा केली आणि गेले. एवढं सांगून तो रडायला लागला. खोटं रडणारा मधूनच आपल्याकडे बघून घेतो. हा टेबलाकडेच बघत होता.

"त्यांनी जिवाचं काही बरंवाईट केलं असेल तर माझ्यामुळे, साहेब."

मला त्याची दया आली, हे कबूल करतो. पण दयेवर तपास चालत नाही. बाप सापडला नाही तर याच्यावर संशय पक्का होणार होता आणि चाळीने तर निकाल देऊनही टाकला होता. वरिष्ठांचाही फोन येऊन गेला होता, मुलाला अजून अटक का नाही म्हणून. जे काय होतं ते त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. दोन पंच आणि एक जुना हवालदार घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

चाळीतली दोन खोल्यांची जागा. खिडकीशी टेबल आणि त्यावर तो कॉम्प्युटर. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, सीपीयूच्या डब्याला झेंडूचा हार, पुढे पाटीवर काढलेली सरस्वती, घरातली कात्री, विळी, पान्हे, नातीची पुस्तकं, आणि सगळ्यावर अक्षता. सूनबाई टेबलाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. खंडेनवमीला पूजेला लावलेली वस्तू दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची नाही, चालवायची तर मुळीच नाही, अशी सासूबाईंची शिस्त. त्या गेल्यावर अण्णांनी ती सांभाळलेली. यंदा मुलगा म्हणत होता ते मशीन भंगारात देऊ, तर अण्णांनी मुद्दाम त्यालाच सगळ्यात मोठा हार घातला होता.

"काल ह्यांच्याशी भांडले मी," त्या म्हणाल्या. "अण्णांनी स्वतःच्या हाताने केलेली पूजा आहे. ते परत येईपर्यंत कोणी मोडायची नाही."

झडतीला गेल्यावर मला वकिलांनी अडवलंय, एकदा एकीने कोयता घेऊन अडवलंय. हळदीकुंकवाने अडवण्याची ही पहिलीच वेळ. कायद्याने मी मशीन उचलू शकत होतो. पण अण्णा शोधायला आलेल्या पोलिसाने अण्णांचीच पूजा विस्कटायची हे मलाही बरं वाटेना. मी म्हटलं, ताई, हे अण्णांसाठीच न्यायचंय. तुम्ही करा उत्तरपूजा, आम्ही थांबतो. त्यांनी पदर खोचला, निरांजन लावलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकून डबा जरासा हलवला आणि हात जोडून बाजूला झाल्या. माझा हवालदार बूट काढून उभा होता. पंचनाम्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'कॅबिनेटवर हळद, कुंकू व अक्षता असून झेंडूचा एक हार.' तो हार पुढे कोणत्या खात्यात जमा करायचा यावर ठाण्यात पुष्कळ चर्चा झाली.

सायबर कक्षातली उपनिरीक्षक एक तरुण मुलगी होती. सणाची सुट्टी सोडून आली. तिने पहिला प्रश्न विचारला, "सर, ते गेल्यापासून मशीन कोणी चालू केलंय?" मी म्हटलं, नाही, पूजेला होतं. तिला मी चेष्टा करतोय असं वाटलं. सगळं सांगितल्यावर मात्र ती खुर्चीत मागे रेलली.

तिने हार्ड डिस्क बाहेर काढली आणि एका छोट्या उपकरणातून जोडली, ज्यातून डिस्क वाचता येते पण तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जात नाही. तिची हुबेहूब प्रत घेतली, मूळ डिस्क सील केली. प्रतीवर बघितलं तर अण्णांच्या नावाचा फोल्डर रिकामा. कचरापेटीही रिकामी. म्हणजे अण्णा त्या रात्री बसून सगळं पुसत होते. मागचं सगळं आवरून जाणारी माणसं मी पाहिली होती, आणि त्यांना आणायला आम्ही कुठे जायचो तेही पाहिलं होतं.

तिने मला समजावलं. या जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून फाइल पुसली म्हणजे ती लगेच जात नाही. चाळीतल्या खोलीच्या दारावरची पाटी काढली तरी भाडेकरू आतच असतो, तसं. फक्त खोली रिकामी आहे अशी नोंद होते. मशीन चालू केलं की नवीन मजकूर त्या खोल्यांत घुसायला लागतो आणि मग जुना खरोखर जातो. "आणि नवीन विंडोज टाकलं असतं तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "तर अख्ख्या मजल्यावर नवे भाडेकरू आले असते सर. मग हाताला काय लागलं असतं सांगता येत नाही."

मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याला हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

तिचं सॉफ्टवेअर सगळी दुपार डिस्क चाळत राहिलं. फायलींची नावं गेली होती, नुसते आकडे यायला लागले. काही फोटो अर्धे, खालचा भाग राखाडी. एक होडी. जाळ्यांचा ढिगारा. पुन्हा होडी, आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेला नोंदणी क्रमांक स्वच्छ वाचता येण्याजोगा. मग एक व्हिडिओ उघडला. धक्क्याला बांधलेल्या होडीवर अण्णा पँट दुमडून, हात पसरून तोल सावरत उभे होते आणि शाळकरी पोरासारखे हसत होते. कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज आला, "हेडक्लार्क, पाय रोवून उभा राव. नवमीला दर्यावर गेल्यावर तिकडं खुर्ची नाय गावायची."

मी मुलाला आत बोलावलं आणि तेवढंच पुन्हा दाखवलं. आवाज त्याने लगेच ओळखला. अण्णांच्या कार्यालयात शिपाई असलेले, कफ परेडच्या मच्छीमार नगरातले त्यांचे मित्र. पण त्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतंच. तो वडिलांकडे बघत होता. "एवढे हसताना मी ह्यांना कधी बघितलंच नाही," असं म्हणाला आणि व्हिडिओ परत लावायला सांगितला.

दिवस मावळायच्या आत मुलाला आणि सूनबाईंना घेऊन आम्ही मच्छीमार नगरात होतो. होड्यांनाही झेंडूचे हार, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. त्या मित्राची बायको दारात सुकी मासळी निवडत बसली होती. पोलिसांची गाडी बघून ती जराही दचकली नाही. मी विचारताच म्हणाली, "हां, गेलेत दोघं म्हातारे कालच. माझा पोरगा तांडेल हाय, तोच होडी हाकतो, काय घाबरायचं नाय. मी उद्या फोन करनार होते तुमच्या घरी. ते बोलले, दसरा झाल्यावर कर, सणाचं घरात वाद नको. आनि बोलले, तोवर कोन विचारायचा नाय मला."

सूनबाईंनी विचारलं, गोळ्या नेल्यात का. ती म्हणाली, पिशवीत गोळ्याच जास्त होत्या, कपडे कमी.

तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात वायरलेस होता. होडी लांब होती, म्हणून मधल्या एका होडीमार्फत निरोप गेला. आम्ही सगळे त्या खरखरणाऱ्या संचाभोवती उभे. उत्तर यायला वेळ लागला, आणि त्या वेळात मुलाने माझा दंड धरलेला होता हे मला नंतर कळलं. मग आवाज आला. म्हातारा बरा आहे. आधी उलट्या केल्या, आता भाकरी खाल्ली. मासळी निवडतोय.

मुलगा खालीच बसला. सूनबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. माझा हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी स्वतः काय केलं ते आठवत नाही, पण छातीवरचा धोंडा उतरतो म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या खोलीत समजलं. वरिष्ठांना फोन करून सांगितलं, अटक करायची गरज नाही, आजोबा कामात आहेत.

दोन-तीन दिवसांनी सकाळी होडी आली. आम्ही धक्क्यावर होतो. सागरी पोलिसांचा अधिकारीही होता, कारण ओळखपत्र आणि नोंदीशिवाय माणूस समुद्रात नेणं हा काही खेळ नाही. त्यासाठी तांडेलाला आणि दोन्ही म्हाताऱ्यांना रीतसर समज मिळाली. अण्णा उतरले ते अनवाणी, नाकाची साल निघालेली, अंगाला मासळीचा वास. मी जबाब घ्यायला लागलो तर मान खाली घालून बोलले, "साहेब, जन्मभर होड्यांच्या कागदांवर शिक्के मारले. होडीत पाय कधी ठेवला नाही. गुडघे आहेत तोवर एकदा जायचं होतं. पोरगा कॉम्प्युटर उघडून बघेल आणि अडवेल म्हणून सगळं पुसून टाकलं." आणि मग हळूच, "ते व्हिडिओ गेले याचं मात्र वाईट वाटलं."

मी म्हटलं, गेले नाहीत. तुमच्या पूजेने राखले. पण माझा राग अजून उतरला नव्हता. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. बहिणीचं नाव सांगून जाताना मुलाचा विचार केलात का, त्याने त्याच संध्याकाळी गिरगावात फोन केला, त्या रात्रीपासून तो झोपलेला नाही, त्याच्यावर काय किटाळ येत होतं ठाऊक आहे का, असं सगळं सुनावलं. अण्णांनी त्यातलं एकच ऐकलं.

"त्याच संध्याकाळी?" ते म्हणाले. "पोचलो का म्हणून विचारायला?"

मी हो म्हटलं. ते मुलाकडे वळले. बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडतील असं मला वाटलं होतं, पण आपल्याकडे तसं होत नाही. अण्णांनी हातातली प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. आत पापलेटं होती, थोडी कोळंबी. होडीवर जो राबतो त्याला मासळीत वाटा मिळतो आणि तांडेलाने तो त्यांनाही दिला होता.

"धर," अण्णा मुलाला म्हणाले. "फुकटची नाही. कामाची आहे."

मुलाने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. आमच्या जीपमधून भोईवाड्यापर्यंत ती त्याच्या मांडीवर होती. पाणी गळून त्याची ऑफिसची पँट भिजत होती, पण त्याने ती खाली ठेवली नाही. नवरात्र उठलं होतं, त्यामुळे संध्याकाळी चाळीत मासळी तळल्याचा वास सुटला आणि निनावी फोन करणाऱ्यालाही तो गेला असणार. सहीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. हार्ड डिस्क रीतसर परत केली तेव्हा अण्णांनी पासवर्ड एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला होता, एवढं मात्र हवालदार बघून आला.

त्या प्रकरणाने मला तपासाचं एक साधं तत्त्व नव्याने शिकवलं. काही कळत नसेल तेव्हा आधी हात लावू नये. पुढे नव्या अधिकाऱ्यांना मी ते त्या हाराची गोष्ट सांगूनच शिकवत असे आणि ते हसत हसत लक्षात ठेवत. पण दुसरी एक गोष्ट मला तेव्हा नीट समजली नव्हती. ज्याच्या टेबलासमोर जन्मभर माणसांची रांग लागली, तो हेडक्लार्क 'मला कोणी विचारणार नाही' असं ठामपणे धरून कसा चालला?

आता मीही निवृत्त आहे. सकाळी फिरायला जातो, ग्रंथालयात बसतो, कधी दादरला उगाच बाजारात हिंडतो. माझा मुलगा ऑफिसातून फोन करून विचारतो, बाबा, कुठे आहात. सुरुवातीला मी चिडायचो. ज्याने लोकांचे ठावठिकाणे शोधण्यात आयुष्य काढलं त्याचा ठावठिकाणा विचारतोस काय, असं म्हणायचो. आता पहिल्याच रिंगला फोन उचलतो आणि कुठे आहे ते खरं खरं सांगतो.